मशीनमधला हात

मशीन येणार म्हणून देगू शहरातल्या त्या हॉस्पिटलातल्या जंतूंच्या लॅबमध्ये कुणी रडलं-बिडलं नाही. उलट बरंच वाटलं सगळ्यांना. रोज सकाळी ढिगानं येणाऱ्या लघवीच्या, बेडक्याच्या, पुवाच्या डब्या उघडायच्या, वास सहन करायचा, प्लेटा लावायच्या, आणि दुपारपर्यंत मान आणि मनगट दोन्ही कामातून जायची. हे सगळं आता मशीन करणार होतं. डबी तेच उघडणार, थेंब तेच उचलणार, प्लेट उबेच्या कपाटात तेच ठेवणार आणि वेळ झाली की फोटोही तेच काढणार. माणसांनी पडद्यासमोर बसून फोटो बघायचे. कुणाची नोकरी जाणार नव्हती, मग नाही कशाला म्हणायचं?

पण मशीन बसवायला आलेल्या कू नावाच्या इंजिनिअरनं एक पिल्लू सोडलं. तो म्हणाला, आमच्या मशीनला कारखान्यातून रेघांचं एक तयार वळण येतं, पण ते बेडक्यासारख्या चिकट नमुन्याला तितकंसं चालत नाही. तुमच्यातल्या एकाचा हात द्या. बोटांवर तारा चढवून आम्ही तो टिपून घेऊ, आणि मशीन जन्मभर तशाच रेघा ओढेल.

आता हे हाताचं प्रकरण काय ते सांगायला हवं. जंतूंच्या लॅबचं निम्मं काम म्हणजे रेघा. तारेच्या टोकाला बारीक कडं असतं, त्याला लूप म्हणतात. त्यावर नमुन्याचा थेंब घ्यायचा, लाल जेलीच्या प्लेटवर एका कडेला फासायचा, तिथून पुढं रेघा ओढत न्यायचा, प्लेट वळवायची, पुन्हा ओढायचा. दर वळणाला जंतू कमी कमी होतात आणि शेवटच्या वळणात एकेकटे पडतात. रात्रभर उबेत ठेवलं की त्या एकेकट्याचा एकेक सुटा ठिपका उगवतो. ठिपका सुटा असला की जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे लगेच तपासता येतं. गिचमीड झाली तर पुन्हा नवी प्लेट, पुन्हा रेघा आणि आणखी एक दिवस. तो दिवस पेशंटचा जातो, आपला नाही.

आणि माणसाच्या अक्षराला जसं वळण असतं तसंच या रेघांनाही असतं. लॅबमध्ये चार-सहा वर्षं काढलेलं माणूस प्लेट बघून सांगतं की ही कुणी लावली. प्लेटच्या पाठीवर नाव बघायची गरज पडत नाही.

त्या लॅबमध्ये सगळ्यांत चांगला हात प्यो यन-शिलचा होता. यात वाद नव्हताच. हलका हात, कुठं ओरखडा नाही, जेली कधी फाटायची नाही, आणि शेवटच्या वळणात ठिपके असे सुटे पडायचे की भातावर तीळ भुरभुरावेत. लॅबची प्रमुख होती बे इन-जा. तिचाही हात वाईट नव्हता. पण तिसऱ्या वळणाला तिची रेघ जरा मागं, दुसऱ्या वळणात घुसायची आणि तिथं गर्दी व्हायची. इन-जाला ते ठाऊक होतं. तिला रेघा शिकवल्या होत्या यन-शिलनंच. इन-जा नवी नवी आली तेव्हा यन-शिल तिच्या मागं उभी राहून म्हणायची, "घाई कसली गं तुला? कुणी पाठी लागलंय का?" ते तिसरं वळण मात्र कधी सुधारलं नाही.

यन-शिल वयानं मोठी, कामाला आधी लागलेली, आणि तरी प्रमुख झाली इन-जा. त्याचं असं झालं की यन-शिलची सासू अंथरुणाला खिळली आणि सून म्हणून हिनंच नोकरी सोडून काही वर्षं तिचं केलं. परत आली तेव्हा कागदोपत्री नव्यानं लागली होती. यन-शिलनं त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. लोकांसमोर ती इन-जाला प्रमुखबाई म्हणायची आणि कमरेत वाकायची. दोघीच असल्या की इन-जा तिला ऑन्नी, म्हणजे ताई म्हणायची, आणि यन-शिल तिला काहीही म्हणायची.

त्या वसंतात एक दिवस दोघी हॉस्पिटलच्या गच्चीवर जेवणानंतरची कॉफी घेत बसल्या होत्या. यन-शिलनं कागदी कप डाव्या हातात धरला होता. इन-जानं ते पाहिलं आणि विचारलं. यन-शिल म्हणाली, अंगठ्याचा सांधा झिजलाय, रात्री ठणकतो, सकाळी गोळी घेतल्यावर चार तास बरा असतो. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून सांधा जखडून टाकू. शरद ऋतूतल्या छुसकच्या सणाआधी मी नोकरी सोडतेय, दिराच्या वाडीवर जाऊन राहू म्हणतोय आम्ही.

लॅबमध्ये यन-शिल नाही ही कल्पनाच इन-जानं कधी केली नव्हती.

"एक सांगू? हसशील," यन-शिल म्हणाली. "माझ्यामागं काही राहावं असं मला कधी वाटलं नाही. पोरंबाळं नाहीत, त्याचंही दुःख केलं नाही. पण तो कू बोलला ना, तेव्हापासून मनात येतंय. माझा हात त्या मशीनमध्ये राहिला तर बरं होईल. हा तर आता जाणारच आहे."

"ऑन्नी, वेड लागलंय का तुला? तुझाच जाणार. दुसऱ्या कुणाचा आहे?"

"तसं नको. तू प्रमुख आहेस, तू म्हटलंस तर लोक म्हणतील ओळखीवर झालं. रीतीनं होऊ दे. झालं तर झालं."

इन-जानं मान हलवली. आणि तेव्हा, देवाशपथ सांगते, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

रीत काढली कूनं. हा पोरगा राजधानीचा, सोलचा, गुळगुळीत दाढी केलेला, आणि आपण फार न्यायाचं काहीतरी करतोय या आनंदात. त्यानं ठरवलं की एकाच नमुन्यातून प्रत्येकानं एक प्लेट लावायची, नावं लिहायची नाहीत, नुसते आकडे, आणि कुठला आकडा कुणाचा हे त्यानं स्वतः चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दुसऱ्या दिवशी प्लेटा टेबलावर मांडायच्या. प्रत्येकाला एक लाल टिकली. आवडेल त्या प्लेटच्या झाकणावर चिकटवायची. कुणाला काही कळायचं नाही, भीडभाड नाही.

बिचारा. त्याला एवढंही कुणी सांगितलं नाही की इथं नावं झाकून उपयोग नाही.

प्रमुखबाईंनीही प्लेट लावावी असं डॉक्टर थाक म्हणाले. ते लॅबचे वरचे डॉक्टर, नुकतेच बदलून आलेले. इन-जा नको म्हणाली असती तर ते खपून गेलं असतं. पण तिला वाटलं, नाही म्हटलं तर शिष्टपणा दिसेल. शिवाय लावल्यानं काय बिघडतंय? तिनं लावली. तिसऱ्या वळणाला नेहमीसारखी मागं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर प्लेटा मांडल्या आणि इन-जानं दारातूनच पाहिलं. यन-शिलची प्लेट खिडकीकडच्या टोकाला होती. गोळी घेऊन, ठणकता अंगठा सांभाळून ओढलेल्या त्या रेघा, आणि तरी शेवटच्या वळणात ठिपके सुटे सुटे. इन-जाची प्लेट मधोमध होती.

त्या लॅबमध्ये एक गोष्ट जेवायला गेलं की रोज दिसायची. प्रमुखबाईंनी काळ्या सॉसच्या नूडल्स मागवल्या की सगळ्यांना अचानक काळ्या सॉसच्याच नूडल्स खाव्याशा वाटायच्या. कुणी दटावत नव्हतं. इन-जा तर म्हणायचीही की अरे, हवं ते घ्या. पण वरच्या माणसाचं मन न बोलता ओळखायचं आणि तसं वागायचं, हे तिथं आईच्या दुधाबरोबर पाजतात. इन-जाही तशीच वागत वरपर्यंत आली होती.

टिकल्या लावायला सुरुवात झाली. आधी धाकट्यांनी लावायच्या, वरच्यांनी मागून, म्हणजे धाकट्यांवर दडपण नको, असं कूचं म्हणणं. पहिली मुलगी टेबलापाशी गेली, प्लेटांवर वाकली, उगाच दोन-तीन उचलून उजेडात धरल्या आणि मधल्या प्लेटवर टिकली लावली. दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्यानं तर वाकायचंही नाटक केलं नाही. यन-शिलची पाळी आली. ती सरळ गेली, आपल्या प्लेटकडं पाहिलंसुद्धा नाही आणि टिकली इन-जाच्या प्लेटवर लावून मोकळी झाली. तेवढ्यात नमुने घ्यायच्या खिडकीची घंटा वाजली, अतिदक्षतेतून रक्ताच्या बाटल्या आल्या होत्या, आणि ती तिकडं निघून गेली.

मग डॉक्टर थाक आले. त्यांना हातबित काही कळत नव्हतं, जन्मात त्यांनी दहा प्लेटा लावल्या असतील तर शपथ. कुठली प्लेट कुणाची हे ठाऊक नसलेला खोलीत तो एकच माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सगळ्या प्लेटा नीट बघितल्या, आणि खिडकीकडच्या प्लेटवर टिकली लावली. "ही स्वच्छ आहे," म्हणाले, आणि राउंडला गेले.

शेवटी इन-जा. खोलीत इतर सगळे आपापल्या कामात असल्याचं दाखवत होते. टिकली तिच्या बोटाला चिकटली होती. तिनं खिडकीकडच्या प्लेटवर ती लावली असती तरी निकालात फरक पडला नसता. पण मग ती बोलू शकली असती. प्रमुख म्हणून नाही, प्लेटा बघितलेलं एक माणूस म्हणून म्हणू शकली असती की अरे, डोळे उघडून बघा, ही चांगली आहे. एवढं एक वाक्य. कूनं पुन्हा टिकल्या वाटल्या असत्या, आणि या वेळी सगळ्यांना काळ्या सॉसऐवजी दुसरं खावंसं वाटलं असतं.

तिच्या मनात काय आलं ते सांगते. इतकी वर्षं जो तो म्हणत आला होता की बे इन-जा म्हणजे प्यो यन-शिलच्या हाताखाली तयार झालेली. प्रमुख झाल्यावरही म्हणत. आणि आता समोर आपल्या प्लेटवर लाल टिकल्यांची रांग होती. खोटी होती, तिला कळत होतं. तरी ती बघून बरं वाटलं. फार बरं वाटलं. तिनं आपली टिकली आपल्याच प्लेटवर लावली आणि मूग गिळून उभी राहिली.

यन-शिल बाटल्या कपाटात लावून परत आली तेव्हा कू टिकल्या मोजत होता. तिनं टेबलाकडं पाहिलं. आपल्या प्लेटवरची ती एकुलती टिकली पाहिली. मग इन-जाकडं पाहिलं आणि किंचित हसली, डोळ्यांनीच. इन-जाला ते हसणं सुईसारखं टोचलं. तिला वाटलं, हिला कळलं सगळं.

"अभिनंदन, प्रमुखबाई," यन-शिल म्हणाली आणि कमरेत वाकली.

त्यानंतर दोघींचं गच्चीवर जाणं कमी झालं. भांडण काही नाही. इन-जाच कामं काढायची. निरोपाच्या जेवणाला तिनं चांगलं भाषण केलं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं, यन-शिलला भारीतला स्कार्फ दिला. यन-शिल गेली.

मशीन सुरू झालं. त्याचा लोखंडी हात इन-जाच्या वळणानं रेघा ओढू लागला, दिवसरात्र, न थकता. हॉस्पिटलच्या मासिकात इन-जाचा फोटो आला. आईनं तो कापून फ्रिजवर लावला.

पण पडद्यावर फोटो केवढाले मोठे दिसतात! हातात धरलेल्या प्लेटमध्ये जी चूक नखाएवढी असते ती तिथं ताटाएवढी होऊन समोर येते. प्रत्येक फोटोत तिसऱ्या वळणाला तीच गर्दी. माणसाच्या हातून कधी चुकतं, कधी साधतं. इन-जाचंही कधीकधी साधायचं. मशीनला तसं नव्हतं. त्यानं तिची ती एक वाईट सवय उचलली आणि इमानानं पाळली. बेडक्याच्या कितीतरी प्लेटा पुन्हा लावाव्या लागत आणि रिपोर्टाला दिवस जास्त लागे. कू म्हणाला, चालतं, एवढं सगळीकडं असतं. खरंही होतं ते.

हिवाळ्यात छातीच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ आले, बस चालवून निवृत्त झालेले. निमोनिया. वॉर्डातली नर्स फोन करकरून विचारायची, जंतू कळला का? प्लेटवर दोन जंतू एकमेकांत मिसळून उगवले होते, सुटा ठिपका एकही नव्हता. पुन्हा लावली. तो एक दिवस म्हातारबांना लागू न पडणारं औषध चालू राहिलं आणि त्या दिवसात त्यांना श्वासाची नळी घालावी लागली. पुढं ते बरे झाले, चालत घरी गेले, लॅबला कुणी दोष दिला नाही. दोष कुणाचा हे तिथं ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि त्याला जेवण जाईना.

यन-शिलच्या हातानं ती प्लेट सुटली असती का? असतीच असं नाही. पण इन-जाला ते पक्कं वाटत होतं, आणि एकदा पक्कं वाटलं की रुखरुख काही सोडत नाही. इतके दिवस तिला मैत्रिणीचं वाईट वाटत होतं. आता कुणा अनोळखी म्हाताऱ्याचंही वाटू लागलं.

पुढच्या शरद ऋतूत वर्षाच्या दुरुस्तीला कू येणार असं कळलं तेव्हा तिनं त्याला फोन केला. नवा हात भरता येईल का? तो म्हणाला, हो, तासाभराचं काम. इन-जानं त्याच रविवारी सांग्जूची, यन-शिलच्या दिराच्या गावाची, बस पकडली. ऑपरेशन अजून झालं नसावं असं धरून वाटेत ती मनाशी घोकत होती. आधी माफी मागायची, मग मशीनचं सांगायचं. ऑन्नी, त्या दिवशी तुझी प्लेट कुठली ते मला दारातूनच कळलं होतं आणि तरी मी माझीच टिकली माझ्याच प्लेटवर लावली. असं सरळ सांगायचं. शिव्या घातल्या तर खायच्या.

सांग्जूत पर्सिमन सोलायचे दिवस होते. यन-शिलच्या दिराच्या शेडमध्ये सोललेली नारिंगी फळं दोऱ्यांना बांधून आढ्यापासून जमिनीपर्यंत वाळत टांगली होती. यन-शिल बुटक्या स्टुलावर बसून फळांचे देठ दोऱ्यात अडकवत होती, डाव्या हातानं. इन-जाला बघून ती एकदम उठली आणि तिला पोटाशी धरलं.

"आलीस होय? मला वाटलं प्रमुखबाई विसरल्या आम्हा गावंढळांना. किती वाळलीस गं. मशीन खायला घालत नाही वाटतं?"

इन-जानं तिचा उजवा हात पाहिला. अंगठा सरळ, ताठ. सांधा जखडून टाकला होता. दुखत नाही आता, यन-शिल म्हणाली, पण वळतही नाही. चॉपस्टिक डाव्या हातानं धरायला शिकलेय, दीर हसतो.

तरी इन-जानं मशीनचं काढलंच. कू येतोय, नवा हात भरता येतो, तू चल. यन-शिलनं शांतपणे ऐकून घेतलं. मग समोर पडलेली एक बारीक काडी तिनं उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला. काडी बोटांतून निसटली. तिनं पुन्हा उचलली, पुन्हा निसटली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "गेलं ते. उशीर झाला. तू एवढ्या लांब आलीस हेच खूप आहे."

"ऑन्नी, मला तुला सांगायचंय काही. त्या दिवशीचं."

"त्या दिवशीचं काय सांगतेस? मला माहीत आहे." यन-शिलनं स्टूल जवळ ओढलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "तुला वाटतं मला वाईट वाटलं असेल म्हणून तू मला टाळत होतीस. मला कळत नाही का? अगं, सगळ्यांनी तुलाच टिकली लावली, मीसुद्धा. लावणारच. तू प्रमुख. तुझ्याखाली सगळ्यांना दिवस काढायचेत. मी धरून चालले होते की माझ्या प्लेटवर एकही नसणार. आणि परत आले तर एक होती."

यन-शिलनं तिच्या हातावर थोपटलं.

"डॉक्टरला काय कळतंय, तो जिथं गर्दी तिथं लावणार. मी म्हटलं, ही इन-जाचीच. उघड बोलता येईना बिचारीला, स्वतःची प्लेट होती ना तिथं, पण टिकली मला दिली. रात्री मी आमच्या यांना सांगितलं. म्हटलं, मशीनमध्ये नाही गेला हात तर नाही गेला. जिला मी शिकवलं तिला तरी माझा हात कळला. मला एवढं पुरे." तिचे डोळे भरले होते. "तुला सांगते, या अंगठ्याचं ऑपरेशन झालं ना, भूल देताना मी तेच आठवत होते."

घोकून आणलेलं वाक्य इन-जाच्या जिभेवर होतं. ते बोललं असतं तर समोरच्या बाईकडं उरलेली ती एक टिकलीही गेली असती. आणि न बोललं तर इन-जानं तीही आपल्या नावावर करून घेतली असती. कुठलं कमी वाईट, हे तिला ठरवता येईना. तिला नुसतं तिथून पळून जावंसं वाटलं.

"तुझीच होती ना?" यन-शिलनं विचारलं. विचारलं म्हणजे उगाच, ऐकायला बरं वाटतं म्हणून.

"हो," इन-जा म्हणाली. "माझीच."

यन-शिल हसली आणि डोळे पुसून एक मऊ पिकलेलं पर्सिमन तिच्या हातात ठेवलं. इन-जानं ते खाल्लं. संध्याकाळच्या बसला यन-शिल तिला पोचवायला फाट्यापर्यंत आली. बस निघेपर्यंत ती खिडकीखाली उभी राहून तो ताठ अंगठ्याचा हात हलवत होती, आणि इन-जा आतून हात हलवत होती.